पाराशा आणि गाणं: दर आठवड्याच्या तोरावाचनाला कुठलं गाणं जोडाल?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. गेल्या वर्षापासून आमच्या घरात एक प्रघात पडलाय, त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. वर्षभरात ती वाचून पूर्ण करायची म्हणून त्यांचे ५४ भाग केलेत. एकेका भागाला पाराशा म्हणतात आणि तो शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये हस्तलिखित गुंडाळीतून मोठ्यानं वाचला जातो. पाराशाचं नाव सुरुवातीच्या ओळीतल्या एखाद्या ठळक शब्दावरून पडतं: बेरेशीत, नोआह, लेख लेखा, वायेरा. आपल्यासारखाच यहुदी पंचांगातही अधिक महिना येतो, १९ वर्षांत ७ वेळा. तो आला की शनिवार वाढतात आणि भाग सुटे वाचले जातात. नसला की काही भाग जोडीनं वाचून वर्ष गाठायचं. सिम्हात तोराच्या दिवशी शेवटचा भाग संपतो आणि त्याच बैठकीत पुन्हा 'आरंभी देवाने' सुरू होतं.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती मला म्हणाली, "आई, सगळे उठले की मी उठते, सगळे बसले की बसते. मधे काय झालं ते मला कळतच नाही." ते मला फार लागलं. तिच्या वयाची असताना मीही तशीच उठत-बसत होते. मग ठरवलं की शुक्रवारी दुपारी, मेणबत्त्या लावायच्या आधी, त्या आठवड्याची गोष्ट मराठीत वाचायची आणि तिच्या जोडीला एक गाणं ऐकायचं. कुठल्याही भाषेतलं. शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा आमचा विसाव्याचा दिवस, लागला की फोन आणि स्पीकर बंद, म्हणून जे काय ऐकायचं ते सूर्य मावळायच्या आत.

नोआहच्या आठवड्याला, म्हणजे महापुरानंतर देव पुन्हा असा पूर न आणण्याचा शब्द देतो त्या गोष्टीला, मी १९३९ सालचं 'ओव्हर द रेनबो' लावलं. त्याला चाल देणारे हॅरॉल्ड आर्लेन एका हजानचे, म्हणजे सिनेगॉगमधल्या प्रार्थनागायकाचे, चिरंजीव. लावताना मला एवढंच डोक्यात होतं की दोन्हीकडे इंद्रधनुष्य आहे. लेक मात्र ऐकून म्हणाली, "गाण्यातली मुलगी खालून वर बघते. इथे देव म्हणतो की धनुष्य मी बघेन आणि मला माझा शब्द आठवेल. म्हणजे तो वरून खाली बघतोय." मी ती ओळ कितीदा तरी ऐकली असेन. धनुष्य देवानं स्वतःला आठवण राहावी म्हणून ठेवलंय, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

सगळेच आठवडे असे जमले नाहीत. याकोबाला स्वप्नात स्वर्गापर्यंत गेलेली शिडी दिसते त्या आठवड्याला मी एक गाजलेलं इंग्रजी रॉक गाणं लावलं, ज्याच्या नावात स्वर्गाचा जिना आहे. लेकीनं विचारलं, "जिना सोडून दोघांत काय सारखं आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता वर्ष पुन्हा सुरू झालंय. पुढच्या आठवड्यात वायेरा आहे: सदोमचा नाश, इसहाकाचा जन्म आणि शेवटी अब्राहाम त्याच इसहाकाला बळी द्यायला डोंगरावर नेतो तो प्रसंग. गाणी सुचवाल का? आणि जोडी जमली असं कधी म्हणायचं, तेही सांगा.

निशिगंध

काय सुंदर धागा! वायेरासाठी दोन गाणी लगेच आठवली. एक बॉब डिलनचं १९६५ सालचं 'हायवे ६१ रिव्हिजिटेड', दुसरं लिओनार्ड कोहेनचं १९६९ सालचं 'स्टोरी ऑफ आयझॅक'. दोघंही यहुदी घरांतले, आणि दोन्ही गाणी थेट याच प्रसंगावर आहेत.

डिलनच्या गाण्यात देव अब्राहामाकडे मुलगा मागतो आणि अब्राहाम आधी तोंडावर उलटून बोलतो, मग धमकी ऐकून विचारतो, कुठे करायचं हे? उत्तर मिळतं, हायवे ६१ वर. तो रस्ता डिलनचा जन्म झाला त्या डुलुथ गावावरून जायचा, आणि डिलनच्या वडिलांचं नाव होतं अब्राम. हे कळल्यापासून त्या गाण्यातला मुलगा मला वेगळाच दिसतो.

कोहेनच्या गाण्यात गोष्ट इसहाक सांगतो. तो नऊ वर्षांचा आहे. दार हळूच उघडतं, वडील आत येतात. पुढे चढण, कुऱ्हाड, वेदी. शेवटच्या कडव्यांत तो आजच्या लोकांकडे वळतो: तुम्ही जे पोरांना बळी द्यायला वेद्या बांधताय, ते थांबवा. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं.

पुराव्यानिशी

धागा आवडला, पण डिलनचं गाणं या प्रसंगाला जोडायला माझा विरोध आहे. तोरात अब्राहाम अवाक्षरही उलट बोलत नाही. हाक येते, तो 'हिन्नेनी' म्हणतो, म्हणजे 'हा मी इथे', आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. त्या प्रसंगाचा सगळा भार त्या गप्प राहण्यावर आहे. गाणं नेमका तोच काढून टाकतं. मुलांना आधी गाणं ऐकवलंत तर मूळ प्रसंग त्यांच्या मनात बिघडूनच उतरेल.

इसहाकाच्या वयाचंही तसंच. सारा ९० वर्षांची असताना तो झाला आणि ती १२७ व्या वर्षी गेली. तिचा मृत्यू या प्रसंगाला लागूनच आला असं धरून जुने रब्बी इसहाकाचं वय ३७ काढतात. नऊ वर्षांचं पोर आणि ३७ वर्षांचा धडधाकट पुरुष यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ३७ वर्षांचा माणूस स्वतःच्या मर्जीनं चढतो.

निशिगंध

@पुराव्यानिशी, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण मला एक सांगा. याच पाराशात, चार अध्याय आधी, हाच अब्राहाम सदोमसाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? परक्या गावासाठी इतका भांडणारा माणूस स्वतःच्या मुलाच्या वेळी गप्प का? डिलनच्या गाण्यानं मला हा प्रश्न पाडला. उत्तर त्यात नाही, हे मान्य.

खाडीकाठ

@निशिगंध, हा प्रश्न फार जुना आहे बघा. अकराव्या शतकातल्या राशी या भाष्यकारानं त्या आज्ञेचा एकेक तुकडा सुटा करून त्याचा संवादच मांडलाय. देव म्हणतो, तुझा मुलगा घे. अब्राहाम म्हणतो, मला दोन मुलगे आहेत. तुझा एकुलता. हा याच्या आईचा एकुलता आणि तो त्याच्या आईचा. ज्याच्यावर तुझं प्रेम आहे तो. दोघांवरही आहे. मग नाव येतं: इसहाक.

म्हणजे तोरातल्या त्या शांततेत अब्राहामाचे शब्द ऐकू येणारा डिलन पहिला नाही. @पुराव्यानिशी, तुमची भीती मात्र रास्त आहे. म्हणून आमच्याकडे आधी मूळ गोष्ट, मग गाणं. हा क्रम मी मोडत नाही.

रियाजी

मी हिंदुस्थानी संगीताची विद्यार्थिनी. यहुदी परंपरेचं फारसं ज्ञान नाही, म्हणून एक भाबडा प्रश्न: सिनेगॉगमध्ये तोरा नुसती वाचतात की गातात? आपल्या वेदपठणासारखे स्वर असतात का?

खाडीकाठ

@रियाजी, भाबडा मुळीच नाही. तोरा सुरातच म्हणतात. प्रत्येक शब्दावर एक खूण असते, तिला ताआम म्हणतात, अनेकवचन तेआमीम. खूण सांगते की शब्द कसा वळवायचा आणि कुठे थांबायचं. गंमत अशी की गुंडाळीत यातलं काही लिहिलेलं नसतं. ना स्वरचिन्हं, ना तेआमीम, ना विरामचिन्हं. वाचणारा आठवडाभर छापील पुस्तकावरून पाठ करतो आणि शनिवारी गुंडाळीतली अक्षरं बघत, स्वर आणि सूर स्मरणातून लावत म्हणतो.

तुम्हाला आवडेल अशी एक खूण सांगते. तिचं नाव शालशेलेत, म्हणजे साखळी. सगळ्या तोरात ती फक्त चार वेळा येते. शब्द लांबवत, वरखाली हलवत म्हणायचा असतो. पहिल्यांदा ती येते ती याच वायेरात. सदोम जळणार आहे, देवदूत अब्राहामाच्या पुतण्याला, लोटाला, निघ म्हणतात आणि तो 'रेंगाळला'. त्या 'रेंगाळला'वर शालशेलेत. दुसरी, अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी बायको शोधायला विहिरीपाशी थांबून प्रार्थना करतो तिथे, 'म्हणाला'वर. तिसरी, मिसरमध्ये गुलाम असलेल्या योसेफाला मालक पोटीफरची बायको मोहात पाडायला बोलावते तेव्हा 'त्याने नकार दिला'वर. चौथी लेवीय पुस्तकात, मोशे अहरोनाच्या दीक्षेचा बळी कापतो तिथे. याजकपद आता भावाकडे जाणार असतं.

रियाजी

वाचून अंगावर काटा आला. 'नकार दिला' हे दोन शब्द कागदावर किती ठाम दिसतात. आणि सूर सांगतो की नकार देताना त्याचा आवाज हलत होता. ख्यालात आम्ही एकच शब्द घोळवतो, त्याचे अर्थ एकेक करत उलगडतो. इथे तर शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच.

मग मला वाटतं, बाहेरून जोडलेल्या गाण्यानंही हेच करावं. जे लिहिलंय तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा, लिहिलेल्याखाली जे हलतंय ते ऐकवावं. तुमचं जिन्याचं गाणं म्हणूनच जमलं नसेल. शब्द जुळला, पण त्यानं मूळ गोष्टीतलं काही हलवलं नाही.

खाडीकाठ

@रियाजी, मी वर्षभर जे चाचपडत शोधत होते ते तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत.

वायेराचा शुक्रवार झाला. आम्ही कोहेनचंच, पण त्याच्या हयातीतल्या शेवटच्या अल्बममधलं गाणं लावलं, 'यू वाँट इट डार्कर'. त्यात अब्राहामाचं 'हिन्नेनी' जसंच्या तसं हिब्रूत येतं आणि मागे माँट्रिअलच्या ज्या सिनेगॉगमध्ये कोहेन लहानाचा मोठा झाला तिथला गायकवृंद आहे. तो अल्बम २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आला. ७ नोव्हेंबरला कोहेन गेला आणि १९ नोव्हेंबरच्या शनिवारी जगभरच्या सिनेगॉगमध्ये वायेरा वाचली गेली.

लेकीनं मूळ गोष्टीत हिन्नेनी मोजले. तीन आहेत. पहिला देवाला. दुसरा, वाटेत मुलगा "बाबा" म्हणतो तेव्हा त्याला: "हा मी इथे, बाळा." तिसरा, सुरी उगारलेली असताना देवदूताला. ती म्हणाली, "मधला सगळ्यात कठीण." त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

वसईची_लेक

खूप दिवसांनी असा धागा वाचला. आम्हा कॅथलिकांकडेही रविवारची वाचनं ठरलेली असतात, १९६९ पासून तीन वर्षांचं चक्र आहे. अब्राहामाचा हा प्रसंग आमच्याकडेही वाचतात आणि दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो.

पुढे मोशेची गोष्ट लागेल तेव्हा 'गो डाउन मोझेस' नक्की घ्या. अमेरिकेतल्या गुलाम आफ्रिकन लोकांनी रचलेलं, पॉल रोबसनच्या आवाजात ऐका. मिसरच्या राजाला, फारोला सांग, माझ्या लोकांना जाऊ दे. गुलामांना पळवून सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोझेसच म्हणायचे. ज्यांना कुणी अक्षरओळखही होऊ दिली नाही अशा माणसांनी ही गोष्ट ऐकून ऐकून आपली केली.

पुराव्यानिशी

@वसईची_लेक, रोबसनचा आवाज मलाही प्रिय आहे. पण तिथेही अर्धंच वाक्य आहे. वाएरा या पाराशात (अब्राहामाची वायेरा वेगळी, ही मोशेच्या गोष्टीतली) मोशे फारोला सांगतो: माझ्या लोकांना जाऊ दे, म्हणजे ते रानात माझी सेवा करतील. गाण्यात फक्त पहिला भाग राहिला. तोरात सुटका हा शेवट नाही, लोक देवाच्या आज्ञा घ्यायला सीनाय पर्वताकडे निघालेत. अर्धं वाक्य लोकप्रिय झालं की पुढचं अर्धं विसरलं जातं. गाण्याचं हेच मला खटकतं.

वसईची_लेक

@पुराव्यानिशी, तुम्ही म्हणता ते खरं, पुढचा भाग गाण्यात नाही. पण तो कुणी गाळला ते पण पाहा ना. 'सेवा करा, आज्ञा पाळा' हेच ज्यांना मालकाकडून चाबकाबरोबर मिळालं, त्यांच्या ओठांवर 'जाऊ दे' इथेच वाक्य थांबलं. मला ते गाळणं म्हणजे विसरणं वाटत नाही.

पुराव्यानिशी

हे मी या बाजूनं पाहिलं नव्हतं. मुलांना दोन्ही अर्धी वाक्यं शेजारी शेजारी ठेवून दाखवा, एवढंच आता म्हणेन.

खाडीकाठ

धागा वर काढतेय. या आठवड्यात वायिग्गाश. भावांनी विकलेला योसेफ आता मिसरचा कारभारी आहे. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे उभे आहेत आणि त्याला ओळखत नाहीत. यहूदा पुढे होतो, धाकट्या बेन्यामीनाऐवजी मला गुलाम ठेव म्हणतो, आणि योसेफाला राहवत नाही. तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि इतक्या मोठ्यानं रडतो की मिसरी लोकांना ऐकू जातं. "मी योसेफ. माझे वडील अजून आहेत ना?" मग म्हणतो, स्वतःला दोष देऊ नका, मला इथे तुम्ही नाही, देवानं पाठवलं.

याला काय जोडू? आठवडाभर शोधतेय. लंडनमधल्या एका शाळेसाठी १९६८ साली बसवलेलं योसेफाच्या अंगरख्याचं संगीत नाटक सगळे सुचवतात. ते लेकीला आवडतं, पण या रडण्यापाशी नेईल असं काही हवंय.

रियाजी

मी लिहू की नको असा विचार करत होते, कारण हे तुमच्या घरात चालेल की नाही ठाऊक नाही. पण योसेफाचं ते वाक्य वाचल्यावर मला गीतरामायणाशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. चित्रकूटावर भरत रामाला परत न्यायला येतो. अपराधानं वाकलेला आहे. राम त्याला समजावतो: यात कैकयीचा दोष नाही, वडिलांचा नाही. 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा'. घरातल्यांमुळे ज्याचं सगळं गेलं, तोच अपराधी वाटणाऱ्या भावाची समजूत घालतोय. प्रसंग किती जवळचे आहेत!

आणि गीतरामायणही आठवड्याचंच होतं. १ एप्रिल १९५५, रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत, गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, वर्षभरात ५६ गीतं. तुमच्या ५४ पाराशा वाचल्यापासून हा आकडा डोक्यात घोळतोय.

दिमोनाहून

पहिल्यांदाच लिहितो आहे, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. माझं वय ८१. मूळचा पनवेलचा, १९६८ ला इस्रायलला आलो, तेव्हापासून दिमोनात. इथे आमच्या पिढीत अजून मराठी बोलतात, मायबोली नावाचं आमचं मराठी मासिकही या देशात निघालं.

गीतरामायण आमच्या आळीत एका घरी रेडिओ होता तिथे ऐकलं. मी अकरा वर्षांचा. हिंदू, मुसलमान, आम्ही बेने इस्रायली, सगळी मुलं ओट्यावर. भरताचं ते गाणं लागलं तेव्हा आमची आई पदर डोळ्यांना लावून उभी होती, कारण माझे दोन मामा वाटणीवरून बोलत नव्हते.

पण पोरी, मनातलं सांगतो. ते गाणं मला आजही पाठ आहे. शब्बाथच्या तयारीत, तोराच्या गोष्टीला जोडून मात्र मी ते लावणार नाही. गाण्यात कमी आहे म्हणून नव्हे. ते ज्या देवाच्या भक्तीतून आलं त्याचा मान ठेवावा आणि आपल्या तोराचाही ठेवावा, असं मला वाटतं. तू तुझ्या घरचं ठरव.

रियाजी

काका, तुमचं म्हणणं मनापासून समजतं. म्हणूनच आधी कचरत होते. अर्थाचा एक फरकही नंतर लक्षात आला. राम म्हणतो, हा संचिताचा खेळ, माणूस पराधीन. योसेफ म्हणतो, देवानं मला पुढे पाठवलं, कारण दुष्काळात जीव वाचायला हवे होते. एकाला त्यात नियती दिसते, दुसऱ्याला हेतू.

पुराव्यानिशी

@रियाजी, हा फरक फार मोलाचा आहे. त्याला एक पुरवणी. योसेफाचं समजावणं भावांना पुरलेलं नाही. पुढच्या वायेही पाराशात याकोब मरतो आणि भाऊ पुन्हा घाबरतात: आता हा सूड घेईल. त्याचं आधीचं बोलणं त्यांना १७ वर्षं पचलेलंच नव्हतं. निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडतो. "मी का देवाच्या जागी आहे?" मी पहिल्या दिवसापासून इथे गाण्यांना विरोध करतोय, पण भरताच्या गाण्याशेजारी ठेवल्यामुळेच मला हे १७ वर्षांचं न पचणं दिसलं, हे कबूल करतो.

खाडीकाठ

काका, तुम्ही लिहिलंत याचा किती आनंद झाला काय सांगू. तुमचं ऐकून आम्ही ते गाणं बुधवारी ऐकलं, शुक्रवारी नाही. ऐकताना माझी आईही होती. ती म्हणाली, आमच्याकडे यावर तोडगा होता. कीर्तन.

दिमोनाहून

बरोबर बोलली तुझी आई. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी हिंदू कीर्तनकारांचं ऐकून स्वतःची मराठी कीर्तनं बसवायला सुरुवात केली. अब्राहामाचं आख्यान, योसेफाचं, मोशेचं. साकी, दिंडी, ओवी, सगळे छंद आपल्या मातीतले आणि गोष्ट तोराची. ज्या बायाबापड्यांना हिब्रू येत नव्हतं त्यांना तोरा अशी कळली. त्याच सुमाराला, १८७४ साली, पुण्यात हग्गादाही, म्हणजे मिसरमधून सुटल्याच्या पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी अर्थासकट छापली होती; तिच्या चित्रात बायका नऊवारी नेसून बिनखमिराच्या भाकरी करतायत. माझे आजोबा योसेफाचं आख्यान ऐकून आले की दोन दिवस तेच गुणगुणायचे, असं वडील सांगत.

तेव्हा पोरी, गाणं कुठून आणू म्हणून इतकी शोधतेस, त्यापेक्षा छंद घे आणि तूच लिही. पुढच्या आठवड्यात वायेही, त्यानंतर शेमोत लागेल. टोपलीतल्या बाळाची गोष्ट आहे. त्याला ओवी शोभेल.

वसईची_लेक

काका, अगदी मनातलं. नारायण वामन टिळकांनी आमच्यासाठी अभंगाच्या छंदात ख्रिस्ती गीतं लिहिली, ती अजून म्हटली जातात. @खाडीकाठ, लिहाच.

खाडीकाठ

शेमोत उद्या वाचायचीय. लेक आणि मी दोघींनी मिळून लिहिलं. आधी मूळ गोष्ट तीनदा वाचली. फारोची आज्ञा आहे की इस्रायलींचे मुलगे नदीत टाका. आई बाळाला तीन महिने लपवते, मग लव्हाळ्याची टोपली करून तिला डांबर फासते. टोपलीला तिथे 'तेवा' हा शब्द आहे, आणि सगळ्या तोरात तो दोनच ठिकाणी येतो: नोआहचं तारू आणि ही टोपली. बहीण लांबून बघत उभी राहते. फारोची मुलगी बाळाला उचलते. बहीण धावत जाऊन विचारते, दाई आणू का? आणि स्वतःच्या आईला घेऊन येते. राजकन्या त्या आईला म्हणते, याला पाज, मी तुला मजुरी देईन. लेक त्या मजुरीपाशीच अडली. म्हणाली, ओवी तिथपर्यंत गेलीच पाहिजे.

लव्हाळ्याची टोपली ग, तिला डांबराचा लेप
नदीबाई सांभाळ ग, माझ्या पदराची ठेव

बहीण काठाला उभी, तिचा पाण्यामंदी डोळा
राजाच्या ग लेकीला, आला परक्याचा कळवळा

आईच झाली दाई, दूध पाजते मोलानं
आपुलं लेकरू ग, घेते परक्याच्या नावानं

पुराव्यानिशी

तिसरी ओवी वाचून थांबलो. मजुरीचं ते वाक्य मी कितीदा वाचलंय. त्यावर कधी अडलो नव्हतो.

रियाजी

'पाण्यामंदी डोळा' किती छान! ओवी म्हणताना 'डोळा'वर थोडं थांबा. बहिणीला तिथेच थांबायचंय.

दिमोनाहून

आज इथे जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी बायको अलिबागकडची, तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. तिचा प्रश्न आहे, चाल कुठली लावलीत?

खाडीकाठ

काका, काकूंना सांगा, माझी आजी रेवदंड्याला जात्यावर म्हणायची ती. आईला अजून येते. आज दुपारी तिनं लेकीला तिसऱ्या ओवीवर तीनदा थांबवलं, 'मोलानं' नीट खाली उतरेपर्यंत.

तीन आठवड्यांनी बेशल्लाह आहे, समुद्र दुभंगतो ती पाराशा. त्या शनिवारला शब्बात शिरा म्हणतात, गाण्याचा शब्बाथ. त्या दिवशी तोरातच गाणं आहे. गुंडाळीत ते विटांच्या भिंतीसारखं, मधे मोकळ्या जागा सोडून लिहितात. पुरुषांचं गाणं संपल्यावर मिर्याम डफ घेते आणि बायका तिच्या मागे निघतात, पण तिचं एकच कडवं तोरात दिलंय. लेक विचारतेय, बाकीची आपण लिहायची का. @रियाजी, डफावर म्हणता येईल असा छंद सुचवाल?

रियाजी

सुचवते. दोन दिवस द्या, आणि त्या एका कडव्याचा शब्दशः मराठी अर्थ इथे टाका. हिब्रूत त्याचे आघात कुठे पडतात तेही हवंय.